वृद्धांचा विरंगुळा : पारापासून पाटीपर्यंत

वार्धक्य कोणास चुकत नाहीं. वृद्धांस अन्न, वस्त्र व औषध मिळालें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मात्र पुष्कळांस वाटतें. परंतु दिवस मोठा असतो, आणि रिकामा दिवस म्हाताऱ्या माणसास उपासापेक्षांहि जड जातो. वृद्धांनीं एकत्र बसावें, बोलावें व हातून होईल तें कांहीं करावें, यासाठीं ठिकठिकाणीं जे उद्योग झाले त्यांचा थोडक्यांत इतिहास येथें देण्याचें योजिलें आहे.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडी घ्या, किंवा या बाजूचें दुसरें कोणतेंहि गांव घ्या. पूर्वीं वृद्ध पुरुषांचा विरंगुळा म्हणजे पार. पाऊसपाण्याचा अंदाज, बैलांच्या किंमती, सोयरिकी, भांडणतंटे, सर्व कांहीं पारावर चाले, आणि रात्रीं भजन होई. ही संस्था कोणीं स्थापिली नव्हती, तिला वर्गणी नव्हती. तरी म्हाताऱ्याच्या शब्दाला तेथें मोल होतें. उणीव एकच होती. पारावर आजीला जागा नव्हती. तिचें बोलणें पहांटे जात्यावर होई. सुखदुःख ती ओवींत सांगे आणि शेजीबाई तें ऐके. पुढें पिठाची गिरणी आली. कष्ट गेले हें बरेंच झालें; पण त्या कष्टांबरोबर सोबतहि गेली. नंतर मुलें पुण्यास व मुंबईस चाकरीस गेलीं आणि पारहि ओस पडूं लागला.

वृद्धांच्या सेवेचा इतिहास सांगतांना आपल्या ख्रिस्तसभेंतील एका स्त्रीचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १८३९ सालच्या हिवाळ्यांत, फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतांत, झान झुगाँ नांवाच्या सत्तेचाळीस वर्षांच्या गरीब मोलकरणीनें एका आंधळ्या व पंगु म्हातारीस आपल्या घरीं आणिलें आणि तिला आपला बिछाना दिला. पुढें आणखी म्हाताऱ्या आल्या. ज्या पूर्वीं दारोदार भीक मागत, त्यांच्याऐवजीं झान स्वतः टोपली घेऊन फिरूं लागली. कारण म्हातारीस भाकरीबरोबर अब्रूहि हवी, हें तिनें ओळखिलें होतें. तिच्या लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या संघाच्या भगिनी १८८२ सालीं कलकत्त्यास आल्या. मुंबईस अंधेरी येथेंहि त्यांचें वृद्धगृह आहे. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं झान झुगाँ हिला संतपद दिलें.

ही झाली निराधारांची गोष्ट. पण ज्यांस घर आहे, मुलेंबाळें आहेत, आणि तरीहि दिवस एकट्यानें कंठावा लागतो, त्यांचें काय? अशांसाठीं न्यूयॉर्क शहरांत १९४३ सालीं विल्यम हॉडसन केंद्र उघडलें. अमेरिकेंतील अशा केंद्रांत तें पहिलें मानितात. तेथील साहाय्य-खात्याच्या सेवकांस असें आढळून आलें होतें कीं, कित्येक वृद्ध कांहीं तरी निमित्त काढून कचेरींत पुन्हां पुन्हां येतात, आणि तें केवळ बोलावयास कोणी मिळावें म्हणून. तेव्हां त्यांस बसावयास जागा व खेळावयास साधनें देण्यांत आलीं. केंद्राचें मूळ, म्हणजे, पारावरच्या गप्पाच होत.

आपल्या महाराष्ट्रांत शहरोशहरीं ज्येष्ठ नागरिक संघ निघाले आणि १९८० सालीं त्यांचा फेस्कॉम हा महासंघ झाला. पुणें, ठाणें, नवी मुंबई अशा शहरांतून महापालिकांचीं विरंगुळा केंद्रें झालीं. तेथें वर्तमानपत्रें वाचतात, कॅरम, बुद्धिबळ व पत्ते चालतात, भजन होतें, व्याख्यानें होतात. महिन्यांतील वाढदिवस एकत्र साजरे करितात, सहली काढितात, रक्तदाब व मधुमेह तपासून घेतात. १३ मार्च १९९५ रोजीं डॉ. मदन कटारिया यांनीं मुंबईंतील एका बागेंत अवघ्या पांच माणसांसह हास्यमंडळ सुरू केलें. आरंभीं विनोद सांगून हंसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद सरले, तेव्हां विनोदावांचूनच एकत्र हंसण्याची रीत निघाली. ती आज देशोदेशीं गेली आहे.

हें सर्व चांगलें आहे, पण बहुतांशीं शहरांतलें आहे. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत साठ वर्षांवरील माणसें सुमारें १० कोटी ३८ लक्ष होतीं, आणि त्यांपैकीं शेंकडा सुमारें ७१ खेड्यांत राहत होतीं. केंद्रें एकीकडे आणि म्हातारीं माणसें दुसरीकडे, अशी ही स्थिति आहे.

या स्थितींत ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्याच्या फांगणे या लहानशा गांवाचें उदाहरण मोलाचें वाटतें. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांस गांवच्या म्हाताऱ्यांनीं बोलून दाखविलें कीं, आम्हांस पोथी स्वतः वाचतां आली असती तर किती बरें झालें असतें! बांगर गुरुजींनीं तें मनावर घेतलें, मोतीराम दलाल ट्रस्टनें साहाय्य केलें, आणि ८ मार्च २०१६ रोजीं ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन दुपारीं शाळेस येऊं लागल्या. शिकविणारी गांवांतलीच, एका आजीची सून. अंगठा उठविणारा हात सही करूं लागला. शिवाय प्रत्येकीनें एकेक झाड लाविलें व जोपासलें.

वाचकहो, यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथें वृद्धांस केवळ बसवून करमणूक दाखवितात, तेथें उत्साह चार दिवस टिकतो. जेथें त्यांस स्वतःचें काम, स्वतःची जागा व स्वतःचें नांव मिळतें, तेथें तीं दुसऱ्या दिवशीं आपण होऊन येतात.

मराठवाड्यांतील आजींस तर ही संधि विशेषच हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यांत होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि खेड्यांतील मुलींस शाळा क्वचितच लाभे. आज ऐंशी उलटलेल्या कितीएक आजी त्या काळच्या लेकी आहेत. त्यांस देण्यासारखें आहे तसेंच त्यांच्याकडून घेण्यासारखेंहि आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण जी ओवी कोणीं लिहून घेतली नाहीं, ती आजीबरोबरच जाते.

तेव्हां मोठी इमारत होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एक स्वच्छ खोली, आठवड्यांतून दोन दुपारी, दहा पाट्या आणि शिकविणारी एक सून किंवा नात एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. आजींनीं अक्षरें शिकावीं आणि नातवंडांनीं ओव्या उतरून घ्याव्या. आजोबांनीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखवावें. सहल हवी असेल तर पंच्याहत्तरी गांठलेल्यांस २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे. मुहूर्तहि जवळचाच आहे: पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा म्हणून नेमून दिला, आणि संत ज्योकिम व संत अन्ना यांचा सणहि २६ जुलैसच येतो.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपल्या वडीलधाऱ्यांचे उपकार स्मरतों. त्यांपैकीं जीं आज आपल्या दारांत एकटीं बसलीं आहेत, त्यांच्या हातीं पाटी देणें ही त्या स्मरणाची खरी परीक्षा होय.