पाच केबी आणि मल्हारपेठचा थांबा

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रोग्रामर मंडळींच्या एका गटानं स्पर्धा काढली. प्रत्येकानं स्वतःची वेबसाइट बनवायची, विषय काहीही. अट एकच, सगळं मिळून ५,१२० बाइटच्या आत बसलं पाहिजे. म्हणजे पाच केबी. तुम्ही सकाळी घरच्या ग्रुपवर पाठवता तो गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

ही अट आमची नव्हती. सन २००० मध्ये स्टुअर्ट बटरफिल्ड नावाच्या कॅनडातल्या एका तरुणानं ‘फाइव्ह के’ नावाची स्पर्धा सुरू केली होती. पुढे फ्लिकर आणि स्लॅक उभं करणाऱ्यांपैकी एक, तोच हा. पानाचा मजकूर, चित्रं, कोड, सगळं धरून ५,१२० बाइट. त्या काळी घरोघरी डायलअप मोडेम होते. ५६ केच्या मोडेमनं पूर्ण वेग दिला, तर एवढं पान एका सेकंदाच्या आत येई. पण वेबसाइट मात्र फुगत चालल्या होत्या. तेव्हा कमीत कमी जागेत काय काय बसतं ते बघू, असा हा डाव होता. २००२ मध्ये तर एकानं ‘वुल्फेनस्टाइन’ या १९९२च्या गाजलेल्या गेमची छोटी आवृत्ती पाच केबीत बसवून दाखवली. भिंती, खोल्या, शत्रू, सगळ्यासकट.

तो काळच स्वतःच्या वेबसाइटचा होता. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लोक फुकट पानं बांधत. तिथे पेठा असाव्यात तशा वस्त्या होत्या. सिनेमावाले ‘हॉलिवूड’मध्ये, कॉम्प्युटरवाले ‘सिलिकॉन व्हॅली’त. १९९९ मध्ये याहूनं ती विकत घेतली आणि २००९च्या ऑक्टोबरात बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढी पानं उतरवून घेतली, म्हणून आज ती थोडीफार तरी बघता येतात. मी तेव्हा शाळेत होतो. मला ती वस्ती मिळाली नाही. म्हणूनच बहुधा स्पर्धेचं ऐकल्याबरोबर मी नाव दिलं.

विषय लगेच सुचला. माझे आबा, म्हणजे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. कराड-पाटण रस्त्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. पानावर एक उभी रेघ काढायची, तिच्यावर थांबे, आणि प्रत्येक थांब्यापाशी आबांनी सांगितलेली दोन ओळींची आठवण. भाषा अर्थातच मराठी. आबांना इंग्रजी वाचता येत नाही.

आणि तिथेच गाडी अडली.

इंग्रजीतलं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीला तीन लागतात. तेही जोडाक्षराला नव्हे, त्यातल्या प्रत्येक तुकड्याला. ‘मल्हारपेठ’ लिहा: म, ल, हलन्त, ह, काना, र, प, मात्रा, ठ. नऊ तुकडे, २७ बाइट. रोमनमध्ये हेच नाव दहा बाइटमध्ये होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ५,१२० अक्षरं, मला १,७०६. त्यातून रेघ, रंग आणि मांडणीचा कोड वजा.

हे असं का, याचीही एक गोष्ट आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणारं युनिकोड १९९१ मध्ये आलं. देवनागरीला क्रमांक मिळाले २३०४ पासून पुढे. तिथली मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतलेली होती. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, हे क्रमांक साठवायची पद्धत आखली. तीच यूटीएफ-८. तिच्यात १२७ पर्यंतच्या क्रमांकांना एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, त्यापुढे तीन. ग्रीक, रशियन, अरबी दोनमध्ये बसल्या. देवनागरी थोडक्यात हुकली. यात कुणाचा डाव नव्हता. यादीत आपला नंबर मागे होता, एवढंच.

मला आधी रागच आला. मग जुनी मराठी पानं आठवली. त्या काळी बरीचशी मराठी ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये लिहिली जाई. रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. एका बाइटमध्ये काम व्हायचं, स्वस्तात. पण वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर समोर नुसता गिचमिड मजकूर. शोधायला गेलं तर शब्द सापडायचा नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नव्हतीच. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्ट आला, युनिकोड हळूहळू रुळलं, आणि आज आबांच्या साध्या फोनवर काहीही न टाकता मराठी दिसते. हे तीन बाइट त्याचं भाडं आहेत.

याचा अनुभवही लगेच आला. जागा वाचवायला मी ‘हे पान यूटीएफ-८ मध्ये आहे’ असं सांगणारी २० बाइटची ओळ काढून टाकली. फोनवर पान उघडलं तर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग! ओळ मुकाट्यानं परत टाकली.

मग काटछाट. परिच्छेद बंद करणाऱ्या खुणा काढल्या, एचटीएमएलमध्ये त्या नसल्या तरी चालतं. वर्षं रोमन आकड्यांत लिहिली, कारण देवनागरी आकडाही तीन बाइट खातो. विशेषणं गेली. तरी शंभरेक बाइट जास्तच होते. शेवटी एका लहान फाट्याचा थांबा आठवणीसकट उडवला. पान ५,११८ वर आलं.

चौदा जणांत माझा नववा नंबर आला. मतं देणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे तक्रार नाही. एकानं पाच केबीत चालणारं पियानो केलं होतं, त्याला मीही मत दिलं.

गणपतीला गावी गेलो तेव्हा आबांना पान दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बोटानं रेघ वर सरकवत एकेक थांबा वाचला. मल्हारपेठपाशी हसले. मग थांबले आणि बोट पुन्हा खाली आणलं.

“आरं, हितं एक फाटा ऱ्हायला की.”

“जागा नव्हती आबा.”

“जागा नाय म्हनून थांबा गाळतोस व्हय? मानसं उभी असत्यात तिथं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाइटचा हिशेब त्यांना समजावून सांगता आला असता. त्यांनीही आयुष्यभर पेटीतल्या तिकिटांचा हिशेब पैन् पै दिला होता. पण गर्दीत गाडी भरली म्हणून त्यांनी रस्त्यातून फाटा काढून टाकला नव्हता.

रात्री लॅपटॉप उघडून तो थांबा परत घातला. पान आता ५,२५९ बाइटचं आहे, स्पर्धेच्या नियमात न बसणारं. गाडी मात्र सगळीकडे थांबते.