जांभळाच्या पिंपाचे सत्तावीस तास

जांभळाचा शिरका करायचा तर आधी गरातल्या साखरेचा अल्कोहोल व्हावा लागतो. ते काम यीस्टचं. मग त्या अल्कोहोलचं आम्ल होतं, ते काम दुसऱ्या जिवाणूंचं. क्रम उलटला की सगळं बिघडतं. यीस्टला ताकदीने सुरुवात करता यावी म्हणून पिंपात टाकण्याआधी लिटरभर रसात त्याचं विरजण लावतात. पुढचा घटनाक्रम अशाच एका विरजणाचा आहे. कुठल्या एका घरावर बोट ठेवायचं नाही. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात जून महिन्यात कुठल्याही ओसरीवर तो असाच घडू शकतो.

शुक्रवार, दुपारी 4. विरजण पिंपात जायला उरले 27 तास.
टोपल्या उतरतात. ही जांभळं झाडावरून कशी येतात ते आधी सांगायला हवं. जांभळाची फांदी ठिसूळ, वरून मृगाच्या सरींनी निसरडी झालेली. तिच्यावर चढून कोणीतरी घोस खाली सोडलेले असतात. फळ दोन दिवसांच्या वर टिकत नाही, आणि पाऊस नीट लागला की हंगामच संपतो. म्हणून या पिंपाला मी निव्वळ वीस लिटर गर म्हणून बघू शकत नाही.

संध्याकाळी 5. उरले 26 तास.
विरजणासाठी बाटली निवडली जाते. घरात रिकामा पडलेला तेलाचा प्लास्टिकचा कॅन हाताशी असतो. तो साबण आणि काथ्याने खसखसून घासला जातो, वरून कढत पाणी फिरवलं जातं. दिसायला लख्ख. पण काथ्याने आतून बारीक ओरखडे पाडलेत, आणि मानेच्या आतल्या वळणावर, जिथे बोट पोचत नाही तिथे, चिकट कडं तसंच आहे.

धुणं हे एक काम आणि निर्जंतुक करणं हे दुसरं. पहिलं नीट झाल्याशिवाय दुसरं होतच नाही. ब्लीचच्या पाण्यातला क्लोरीन आधी त्या चिकट थरावरच खर्च होतो. थराखालच्या जंतूंपर्यंत पोचेतो त्यात दम उरत नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बाटली भिजत ठेवायची, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने मान घासायची, खळखळून विसळायची आणि मगच जंतू मारायचे. त्यातही काच किंवा स्टील असेल तर निम्मी काळजी मिटते. कुकरमध्ये मावणारी स्टीलची बरणी असेल तर फारच उत्तम. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर पंधरा मिनिटं चालतो, आणि आपला प्रेशर कुकर पूर्ण दाबावर जवळपास तिथेच पोचतो.

संध्याकाळी 6. उरले 25 तास.
लिटरभर रस स्टीलच्या पातेल्यात पंधरा मिनिटं उकळतो. रसातली रानटी यीस्ट, बुरशी, आम्ल करणारे जिवाणू मरतात. उकळीतूनही तगणारे काही बीजाणू राहतात, पण जांभळाच्या आंबट रसात ते सहसा डोकं वर काढत नाहीत. या घडीला पातेल्यातला रस घरातली सगळ्यात स्वच्छ गोष्ट आहे.

संध्याकाळी 7. उरले 24 तास.
नाश इथे आत शिरतो. पातेलं ओट्यावर निवायला ठेवलंय, झाकण अर्धं सरकवलेलं, लवकर निवावं म्हणून वर पंखा. रस निवतो तशी वाफ आटते आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत ओढली जाते, धुळीसकट. हवेतली धूळच रस नासवते हे लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू करून 1860 च्या सुमाराला दाखवून दिलं. मान वाकडी असली की धूळ वळणात अडकते आणि आतला काढा टिकतो.

मुरबाडच्या ओट्यावर धुळीपेक्षा मोठा शत्रू आहे चिलट. जांभळं घरात आली की तासाभरात चिलटं कुठून येतात कळत नाही. आधीच्या कुजक्या फळावर बसलेलं चिलट पायांवर आम्ल करणारे जिवाणू आणि रानटी यीस्ट घेऊन फिरतं. ते पातेल्याच्या काठावर क्षणभर टेकलं तरी पुरतं. खरं तर पातेलं घट्ट झाकून थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवलं आणि पाणी दोनदा बदललं, तर रस थोड्याच वेळात कोमट होतो. इथे तो तीन तास उघडा आहे.

रात्री 10. उरले 21 तास.
रस बाटलीत ओतला जातो, यीस्ट कोमट पाण्यात भिजवलेलं आहे. ढवळताना चमचा हातातून निसटून जमिनीवर पडतो. उचलून पदराला पुसला जातो आणि पुन्हा आत जातो.

अशाच एका पडलेल्या वस्तूची किंमत एकोणीस माणसांनी चुकवली आहे. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत. तीही एक प्रकारे विरजणाचीच विद्या: काढ्यात जंतू वाढवायचे, मारायचे, बाटल्या भरून बुचं बसवायची. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना ती लस टोचली गेली. त्यातले 19 जण धनुर्वाताने गेले, आणि त्या सगळ्यांना लस मिळाली होती एकाच बाटलीतून, 53-एन क्रमांकाच्या. उरलेल्या 88 जणांना तो रोग झाला नाही. आधी दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे पुराव्यांतून उलगडलं की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला गेला. 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. पाच वर्षं एका शास्त्रज्ञाने तो डाग वागवला, याचा मला आजही त्रास होतो.

शिरक्याच्या चमच्याने कोणी मरणार नाही. पण मातीत काय असतं आणि पुसल्याने काय जात नाही, हे तेच आहे. उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरा चमचा तयार ठेवायला हवा होता.

मध्यरात्रीनंतर 2. उरले 17 तास.
बाटलीत काही हालचाल दिसत नाही. नवं यीस्ट पहिले काही तास वाढत नाही. प्राणवायू घेतं, सावरतं. आगंतुकांना तीच वेळ मिळते. यीस्ट दोन तासांना दुप्पट होत असेल, तर दहा तासांत त्याचे बत्तीसपट होतात. तासाला दुप्पट होणारा जिवाणू तेवढ्याच वेळात हजारपटीवर जातो. यीस्टची सुरुवातीची संख्या प्रचंड असते, म्हणून एरवी शर्यत तेच जिंकतं. आज मात्र मानेतलं कडं, तीन तासांची हवा, चिलटं आणि चमचा, सगळे एकदम विरोधात उतरलेत.

शनिवार, सकाळी 7. उरले 12 तास.
फेस आला! घर खूश. पण फेस नुसता वायू सुटतोय एवढंच सांगतो, कोण सोडतंय ते सांगत नाही. 1856 मध्ये फ्रान्समधल्या लिल शहरात बीटापासून अल्कोहोल करणाऱ्या बिगो नावाच्या कारखानदाराची पिंपं नासू लागली, तेव्हा पाश्चरने दोन्हीकडचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चांगल्या पिंपात गोल यीस्ट, नासलेल्यात बारीक काड्या. ओसरीवर सूक्ष्मदर्शक नसतो. नाक असतं.

दुपारी 1. उरले 6 तास.
चांगल्या विरजणाला ताज्या पावासारखा वास येतो. याला नेलपॉलिशसारखा झणका आहे, आणि कडेला पांढुरका पापुद्रा धरू लागलाय. ही शेवटची संधी. आत्ता फेकलं तर लिटरभर रस जाईल, बाकीचा गर फ्रीजमध्ये आणखी एक दिवस तग धरेल. पण "शिरकाच करायचाय, आंबट वास येणारच" असं कोणीतरी म्हणतं. सगळ्यांना ते पटतं.

संध्याकाळी 7.
विरजण पिंपात जातं.

पुढचं झटपट सांगता येतं. आम्ल करणारे जिवाणू आधीच माजल्याने यीस्ट त्या आम्लात दबून जातं, साखर तशीच पडून राहते, अल्कोहोल कमी होतो. अल्कोहोल कमी म्हणजे शेवटी आम्लही कमी. आंबवून केलेल्या शिरक्यात किमान 3.75 टक्के आम्ल असावं असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. त्याच्या खालचा शिरका टिकत नाही. गणपतीपर्यंत बाटल्यांत बुरशी दिसते आणि पिंप उकिरड्यावर रिकामं होतं.

एवढ्यावर थांबलं तर ठीक. वैतागून त्याच आंबट पिंपात ब्लीच ओतायची चूक मात्र जिवावर बेतू शकते: शिरका आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो थेट छातीत जातो. पिंप अंगणात काढा, साध्या पाण्याने आंबट वास पुरता जाईपर्यंत विसळा, मग धुण्याच्या सोड्याने घासा, पुन्हा विसळा. ब्लीच त्यानंतर, तेही पातळ करून. शेवटी उकळून निववलेल्या पाण्याने धुऊन पिंप उपडं ठेवा.