चिनी बाजारपेठ आणि मुंबईचे सूत (इ. स. १८७० ते १९१४) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

साष्टी बेटाच्या उत्तर भागातील काशीगाव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. त्याच्या पुढे घोडबंदर आणि खाडीपलीकडे वसई. या परिसराचा चीनशी आलेला पहिला राजकीय संबंध पोर्तुगीजांमुळे होय. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकेपर्यंत वसईचा कारभार आणि चीनच्या किनाऱ्यावरील मकाव या दोहोंवर गोव्याचीच हुकमत होती. साष्टी व वसई पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर चीनशी होणाऱ्या व्यापाराचे केंद्र क्रमाने मुंबईकडे सरकले.

मुंबई-चीन व्यापाराचा विषय निघाला की अभ्यासकांचे लक्ष बहुधा अफूकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. तथापि मराठी भाषक समाजाच्या दृष्टीने अफूपेक्षा सुताचा व्यापार अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण अफूचा नफा काही पेढ्यांपुरता मर्यादित होता, तर सुताच्या मागणीवर रत्नागिरी, सातारा भागांतून गिरणगावात आलेल्या हजारो कुटुंबांची चूल अवलंबून होती. प्रस्तुत निबंधात या व्यापाराच्या उत्कर्षाचा व ऱ्हासाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

१७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने चहावरील जकात मोठ्या प्रमाणात कमी केली. इंग्लंडमध्ये चहाचा खप वाढला आणि चहाची किंमत चीनला चुकती करण्यासाठी काय द्यावे, हा ईस्ट इंडिया कंपनीपुढील प्रश्न अधिक बिकट झाला. पश्चिम भारतातील कापूस आणि पुढे माळव्याची अफू ही त्याची उत्तरे होती. कँटन बंदरात परदेशी व्यापाऱ्यांना ठराविक चिनी व्यापारी मंडळींमार्फतच व्यवहार करावा लागे. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच व्यापारातून उभी राहिली. १८३९ मध्ये आयुक्त लिन यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. युद्ध झाले आणि १८४२ च्या नानकिंग तहाने पाच बंदरे खुली झाली. परतीच्या जहाजांतून रेशीम, साखर व चिनी मातीची भांडी येत. लोणच्याच्या बरणीला मराठी घरात आजही ‘चिनी मातीची’ म्हणतात, हे या दळणवळणाचे साधेसे स्मारकच मानावे लागेल.

सुताचा काळ

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८७० नंतर गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली, परंतु त्यांचे सूत बव्हंशी जाडेभरडे होते. चीनमधील शेतकरी कुटुंबे घरच्या मागावर कापड विणत आणि त्यासाठी त्यांना असेच स्वस्त, जाड सूत हवे होते. अफूच्या व्यापारात तयार झालेल्या पेढ्या, आडती व हाँगकाँग-शांघायमधील ओळखी आता सुताच्या गासड्यांच्या कामी आल्या. ससून घराण्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १८८० च्या दशकात मुंबईच्या सुताने पूर्वेकडील बाजारात लँकेशायरच्या सुताला मागे टाकले.

या भरभराटीत एक मूलभूत दोष होता. अनेक गिरण्यांच्या व्यवस्थापकीय एजंटांना नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर, रतलामागे पाव आणा याप्रमाणे दलाली मिळे. त्यामुळे शांघायमध्ये माल तुंबला असतानाही चात्या फिरत्या ठेवण्यातच त्यांचे हित होते. तोटा भागधारकांचा आणि अखेर काम थांबले की कामगारांचा.

१८९३ चे वर्ष

या व्यापाराच्या इतिहासात १८९३ हे वर्ष निर्णायक मानले पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी बंद केल्या. रुपयाचे मोल चांदीपासून तुटले. चीनचा व्यवहार मात्र चांदीतच चालत होता. साहजिकच चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले. जपान १८९७ पर्यंत चांदीच्याच चलनावर असल्याने त्याला ही अडचण नव्हती.

त्याच वर्षी जमशेटजी टाटा यांनी पी. अँड ओ. कंपनीच्या अवाजवी भाड्याला शह देण्यासाठी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी सहकार्य करून मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. प्रतिपक्षाने भाडे इतके उतरवले की टाटांची जहाजे फार काळ टिकली नाहीत. जपानी कंपनीची सेवा मात्र टिकली. या घटनेकडे सहसा स्वदेशी उद्योजकाच्या धाडसाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. त्याच जहाजांनी हिंदुस्थानचा कापूस जपानी गिरण्यांना स्वस्तात पोहोचवला. जपानने १८९४ मध्ये सुतावरील निर्यात जकात आणि १८९६ मध्ये कापसावरील आयात जकात रद्द केली. १८९७ मध्ये त्याची सुताची निर्यात आयातीपेक्षा अधिक झाली. मुंबईच्या सुताला चीनमध्ये हटवणारे सूत काही अंशी हिंदुस्थानच्याच कापसाचे होते. कापसाच्या निर्यातदाराला जे वरदान ठरले, तेच गिरणीमालकाला महाग पडले. आणि काही घराणी तर दोन्ही व्यवसायांत होती.

यानंतर संकटांची मालिकाच सुरू झाली. शिमोनोसेकीच्या तहाने (१८९५) चिनी बंदरांत परकीयांना कारखाने उभारण्याची मुभा मिळाली. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. तो हाँगकाँगहून जहाजांबरोबर आला असावा, असे मत त्या काळापासून मांडले गेले आहे. कामगार गावी पळाले. कामगारांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्ये याच साथीत मरण पावले. १९०० मध्ये बॉक्सर उठावाने उत्तर चीनमधील व्यवहार विस्कळीत झाले. पुढे काही वर्षे व्यापार सावरला, परंतु १९१४ पर्यंत गिरण्या विणकामाकडे आणि देशी बाजाराकडे वळू लागल्या होत्या. अफूची चीनकडील निर्यात १९१३ मध्ये थांबली.

हितसंबंधांचा प्रश्न

‘चीनशी व्यापार लाभाचा की हानीचा’ असा सरसकट प्रश्न या इतिहासाला विचारता येत नाही. काशीगावशेजारील भाईंदरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे अनेक लहान कारखाने उभे राहिले. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने चीनमधून येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सपाट मालावर १८.९५ टक्के प्रतिपूर्ती शुल्क बसवले आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात ते स्थगित केले. देशात पत्रा तयार करणाऱ्याला पहिला निर्णय हवा होता. तोच पत्रा विकत घेऊन त्याची ताटे-वाट्या घडवणाऱ्याच्या सोयीचा दुसरा.