अक्षरांमागचा करार

१/ संगणकाच्या फायलीत अक्षरे नसतात. असतात केवळ संख्या. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारा करार म्हणजे एन्कोडिंग.

२/ भारतीय लिप्यांसाठी असा करार १९९१ साली ‘इस्की’ या नावाने प्रमाणित झाला. तरीही अनेक मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच संख्यांवर देवनागरी आकार चढवले. फॉन्ट हरवला की मजकूर निरर्थक.

३/ युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र संख्या दिल्या. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे नेहमीच्या वापरातले प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते.

४/ म्हणून प्रोग्रॅमने जुनी फाइल तिच्या मूळ एन्कोडिंगनेच वाचावी, नवी यूटीएफ-८मध्ये लिहावी. मोडी न जाणणाऱ्यापुढे दप्तर मुके राहते, पण शाबूत असते. चुकीच्या एन्कोडिंगने वाचून पुन्हा जतन केलेल्या फायलीत मात्र पुरावाच पुसला जाऊ शकतो.