युरोपाचा हिमसागर : कल्पना आणि प्रमाण यांचा कालक्रम

गुरूचा उपग्रह युरोपा याच्या हिमकवचाखाली महासागर असावा, ही कल्पना प्रथम विज्ञानकथाकारांना सुचली व शास्त्रज्ञांनी ती मागाहून स्वीकारली, असे पुष्कळदा म्हटले जाते. साधनांचा कालक्रम लावून पाहिल्यास हे विधान टिकत नाही.

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हा उपग्रह पाहिला; युरोपा हे नाव सायमन मारियसने १६१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे बर्फ आहे, हे वर्णपटाच्या अभ्यासाने निश्चित होण्यास १९७२ साल उजाडले. तत्पूर्वी १९७१ मध्येच, बर्फाळ उपग्रहांचे अंतरंग किरणोत्सर्गजन्य उष्णतेने वितळलेले असावे, असे जॉन लुईस यांनी मांडले होते. मार्च १९७९ मध्ये पील, कॅसन व रेनॉल्ड्स यांनी, गुरूच्या भरती-ओहोटीमुळे आयो हा उपग्रह आतून तापत असला पाहिजे, असे भाकीत केले. थोड्याच दिवसांत व्हॉयेजर-१ ला तेथे जागृत ज्वालामुखी आढळले. युरोपाची एक प्रदक्षिणा होते तोवर आयोच्या दोन होतात. या जुळणीमुळे युरोपाची कक्षाही किंचित लंबवर्तुळाकार राहते व तोच न्याय, सौम्य प्रमाणात, त्यालाही लागू पडतो. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हॉयेजर-२ ने रेषांनी विणलेला, परंतु विवरे अत्यल्प असलेला त्याचा पृष्ठभाग दाखविला. तो पृष्ठभाग भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण होता.

आर्थर सी. क्लार्क यांची ‘२०१० : ओडिसी टू’ ही कादंबरी १९८२ ची, म्हणजे या सर्वांनंतरची आहे. सूर्यप्रकाशावाचून जगणारी जीवसृष्टीही तिच्या पाच वर्षे आधी गॅलापागोसजवळच्या समुद्रतळावर सापडली होती. तेव्हा अग्रक्रमाचा मान कादंबरीला देता येत नाही. तिचे महत्त्व निराळे आहे. ‘तेथे उतरू नका’ ही आज्ञा तिने मानवाला ऐकविली आणि परक्या जीवसृष्टीविषयीच्या कर्तव्याचा प्रश्न वाचकांपुढे ठेवला. २१ सप्टेंबर २००३ रोजी, युरोपा दूषित होऊ नये म्हणून, गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटण्यात आले. हा निर्णय कादंबरीमुळे झाला असे नव्हे. परंतु प्रश्न तोच होता.

याच यानाच्या चुंबकमापकाने जानेवारी २००० मध्ये सर्वांत बलवत्तर पुरावा दिला : गुरूचे चुंबकक्षेत्र दिशा पालटते तसे युरोपाचे प्रेरित क्षेत्रही पालटते. कवचाखाली खाऱ्या पाण्यासारखा विद्युद्वाहक थर असल्यास याचा उलगडा होतो. तथापि तो सागर अद्याप कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचावयाचे आहे.

अदृश्य वस्तू तिच्या परिणामांवरून ओळखण्याची ही रीत आपल्यालाही दूरची नाही. सेनगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अनुमान केव्हा प्रमाण ठरते, याची नोंद ठेवणे हे इतिहासकाराचेही काम आहे.