गोपिकाबाईंच्या वाटेवरचा चिवडा

गंगापूर रोडवर पेशव्यांच्या घरातल्या दोन बायकांची बिऱ्हाडं होती आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. तेव्हा रोड कसला, गोदावरीच्या कडेकडेने जाणारी गाडीवाट असणार. वाटेच्या पुढच्या टोकाला गंगापूर. तिथे गोपिकाबाई. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या आई. मुलाशी बिनसलं तशा पुणं सोडून इकडे आल्या. अलीकडे, नाशिकच्या अंगाला, आनंदवल्ली. तिथे त्यांचे दीर राघोबादादा आणि जाऊ आनंदीबाईंचा वाडा. १७७३ मध्ये गोपिकाबाईंचा धाकटा मुलगा नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला आणि बोट दाखवलं गेलं ते राघोबादादा-आनंदीबाईंकडे. पुढे नातू सवाई माधवराव गादीवर असताना आजीने त्याला दिनचर्या कशी ठेवावी याचा लेखी उपदेश पाठवला. १७८८ मध्ये त्या नाशकातच वारल्या.

शाळेत इतिहास शिकवताना हा उपदेश मी मुलांना सांगायचे आणि वर्ग खुसुखुसु हसायचा. मीही हसायचे. आता तशीच एक यादी माझ्या फ्रिजवर लावलेली आहे, फक्त लिहिणारी आजी नाही, डाएटिशियन आहे आणि वयाने माझ्या लेकीएवढी आहे. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. घास चावून चावून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. मधल्या वेळी तोंड चालवायचं नाही. या शेवटच्या ओळीखाली तिने पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत. मला बरोबर ओळखलंय पोरीने.

माझी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया, झालेली आहे. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. या शस्त्रक्रियांचा इतिहास फार जुना नाही. अल्सरसाठी जठर कापलेली माणसं बारीक होतात आणि बारीकच राहतात, हे सर्जनांच्या लक्षात आलं होतं. ते धरून अमेरिकेत आयोवा इथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. स्लीव्ह आधी एका मोठ्या शस्त्रक्रियेचा एक टप्पा होती. तेवढ्यानेही वजन उतरतं म्हटल्यावर ती स्वतंत्रपणे व्हायला लागली. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. महाराष्ट्रात घरोघरी हा विषय पोचला तो २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. तोवर आमच्या नात्यात ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द उच्चारताही येत नव्हता. नंतर आत्याबाईसुद्धा लग्नाच्या पंगतीत ‘तू ती गडकरींची केलीस का गं?’ असं विचारायला लागल्या.

भूक गेली. खरंच गेली. पहिलं वर्ष मला जेवणाची आठवण करून द्यावी लागे. पण खा-खा हे प्रकरण वेगळं आहे. ते पोटात राहत नाही, त्यामुळे सर्जनच्या हाताला लागत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. त्यातल्या जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली होती. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे शंभर किलोचा माणूस अडुसष्टवर गेला आणि हळूहळू पंच्याहत्तरवर परतला. हे काही अपयश नव्हे, पण ते सात किलो येतात कुठून? स्वीडनचं मला ठाऊक नाही. गंगापूर रोडवरचे कुठून येतात, ते मी सांगू शकते.

नाशिकचा चिवडा हा मुळात प्रवासाचा जिन्नस. हे यात्रेचं गाव. पंचवटी, रामकुंड, पुढे त्र्यंबकेश्वर आणि बारा वर्षांनी सिंहस्थ. यात्रेकरू घरी जाताना काय नेणार? पेढा टिकत नाही, द्राक्षं फुटतात. तळलेले पोहे मात्र वजनाला हलके, ओलाव्याचं नाव नाही, आठवडेच्या आठवडे कुरकुरीत. त्यात सुक्या खोबऱ्याचे काप, दाणे, डाळं, कढीपत्ता, लसूण आणि इथली खासियत म्हणजे तळलेला कांदा. कांद्याला निफाड-लासलगाव हाताशी. कोंडाजी, माधवजी ही नावं गावोगावी पोचली ती यात्रेकरूंच्या पिशव्यांतून. पाण्याचा अंश काढून टाकायचा, म्हणजे माल टिकतो आणि लांब जातो: हा सगळ्या धंद्याचा पाया.

आणि नेमका हाच गुण माझ्यासारख्यांना नडतो. दोन अंड्यांचं ऑम्लेट मला अर्ध्यावर थांबवतं. छातीखाली दडस बसतं, पुढचा घास नको होतो. पनीर, चिकन, उसळ, सगळ्यांचं तेच. घट्ट अन्न त्या नळीत थांबून राहतं, म्हणून पोट भरतं. चिवडा तोंडातच भुगा होतो, वर चहाचा घोट गेला की सरळ खाली. नळीला कळतसुद्धा नाही काही आलं होतं म्हणून. शंभर ग्रॅमला साधारण पाचशे कॅलरी आणि पोट रिकामंच. शेव, खारी, बिस्किटं, वेफर्स ही सगळी त्याच जातकुळीतली. चहाबरोबर खाण्याची जी आपली रीत आहे, ती या शस्त्रक्रियेला चुकवायलाच काढली की काय, असं वाटावं.

माझ्या लहानपणी घरात चिवड्याचा एक पत्र्याचा डबा असे, फडताळाच्या वरच्या फळीवर. पाहुणे आले की निघायचा, दिवाळीत भरायचा. मधल्या काळात आम्हाला गूळ-दाणे. जिभेचे चोचले पुरवायला वडील महिन्या-पंधरा दिवसांनी मेन रोडवर न्यायचे. गंगापूर रोडकडे तेव्हा शेतं होती. १९६५ च्या सुमाराला गंगापूर धरण पुरं झालं आणि हा रस्ता रविवारचा झाला. सोमेश्वरला धबधबा बघायचा, धरणाच्या भिंतीवर वारा खायचा, येताना भाजलेलं कणीस, तिखट-मीठ लावलेला पेरू. खाणं होतं, पण त्यासाठी मैलभर जावं लागायचं. पुढे केटीएचएम कॉलेजची गर्दी वाढली, शेजारी कॉलेज रोडवर क्लास आणि होस्टेलं आली, मळे विकून कॉलन्या झाल्या. पोरं आली तशी भेळ, वडापाव, दाबेली, सँडविच आलं. १९९९ मध्ये ‘सुला’ ही वाइनची कंपनी सुरू झाली आणि रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला मुंबईच्या गाड्या वळायला लागल्या. (वाइनचं एक सांगून ठेवते: या शस्त्रक्रियेनंतर दारू भराभर रक्तात उतरते. पुतण्याच्या आग्रहाखातर घेतलेल्या दोन घोटांत मी आनंदीबाईंवर व्याख्यान सुरू केलं होतं.) आता गंगापूर नाक्यापासून आनंदवल्लीपर्यंत फरसाणाचं दुकान दिसत नाही असा चौक सापडणं मुश्कील. आणि चौकात जायचंही कारण उरलं नाही, मोटारसायकलवरून पोरगा दारात आणून देतो.

मला मोहाला दोष द्यायला आवडत नाही. मोह तेवढाच होता, अंतर कमी झालं.

संध्याकाळी मी गोदा पार्कात फिरून परत येते ती फरसाणाच्या दुकानावरून. गल्ल्यावर माझा जुना विद्यार्थी बसतो. कढईतून झारा निघालेला असतो, हळदीने पिवळे झालेले पोहे परातीत पसरलेले, त्यात खोबऱ्याचे कडेने तांबूस झालेले काप आणि जवळजवळ काळा झालेला कांदा. तो ओंजळीत थोडा घेतो आणि पुढे करतो.

“बाई, गरम आहे. चव तर बघा.”

“अरे, माझं ऑपरेशन झालंय, माहितीये ना तुला?”

“चिमूटभराने काय होतंय, बाई?”

ही चव बघायला देण्याची पद्धत नाशिकच्या बाजारात माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. तिला नाही म्हणणं म्हणजे दुकानदाराचा अपमान. मी लसणाची तळलेली एक पाकळी उचलते, कारण ती चावावी लागते, आणि बाकीचं परत त्याच्या हातात. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. तो मलाच वजन विचारतो आणि मी सांगत नाही.

उपासाचं आणखी वेगळं. घरात एकादशी, चतुर्थी, सोमवार आहेत. सासूबाई म्हणायच्या, उपासाला साबुदाणा हवाच. पण टॅपिओका कंदाचा साबुदाणा सालेमकडे १९४० च्या दशकात बनू लागला. गोपिकाबाईंनी व्रतं केली ती त्याच्याविना केली. डांग आणि त्र्यंबकच्या डोंगरउतारावर वरई, म्हणजे भगर, पिकते आणि तिच्या गिरण्या आजही नाशकात आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, मऊ, गिळगिळीत, चिवड्याइतकाच बिनबोभाट उतरणारा. मी भगर करते, दाण्याच्या आमटीत. अर्धी वाटी पुरते. सासूबाई असत्या तर माझ्या उपासाला पास केलं नसतं, पण इतिहास माझ्या बाजूचा आहे.

राहिली मिसळ. तिच्याशी मी वैर धरलेलं नाही. साठच्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सकाळी एकदा खाऊन दुपारपर्यंत टिकेल असं काही हवं होतं. मोड आलेली मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर फरसाण, दोन पाव. अंगमेहनतीच्या माणसाचं ते जेवण होतं. आता बारदान फाट्याच्या आसपास मळ्यात चुलीवरची मिसळ खायला रविवारी रांगा लागतात. बैलगाडी, झोके, शेवटी जिलेबी, आणि खाणारे गाडीतून उतरून खुर्चीपर्यंत चाललेले.

मुलगा-सून आले की आम्ही जातो. मी वेटरला सांगते, मटकी वेगळ्या वाटीत आण, रस्सा दोनच चमचे, दही जास्त, शेव-पाव-पापड नको, आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवू नकोस. पहिल्यांदा तो किचनमध्ये जाऊन कुणाला तरी घेऊन आला. आता मला बघितलं की स्वतःच विचारतो, “काकू, तुमची ती सुटी मटकी ना?” बिल मात्र पूर्ण प्लेटचंच लागतं, आणि माझा पाव सून खाते.