खाऱ्या-गोड्याची सीमा

व्याख्यानाचा हंगाम आणि विहिरीचा तळ दिसण्याचा हंगाम एकच असावा, हा योगायोग आमच्या आजच्या विषयाला मोठा सोईचा आहे. चैत्र-वैशाखात समुद्रकाठच्या गावांत विहिरीचे पाणी नुसते आटत नाही. ते मचूळ होऊ लागते. नेमक्या याच दिवसांत मिठागरांत मिठाच्या पांढऱ्या राशी उभ्या राहतात. एकच ऊन, ते पाणक्याला रडवते आणि आगऱ्याला पीक देते. मीरा-भाईंदरच्या पाण्याचा इतिहास या दोन अनुभवांच्या मधल्या सीमेचा इतिहास आहे. ही सीमा निसर्गाने एकदाच आखून दिलेली नाही. ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या राखली, आणि पुढे शास्त्रज्ञांनी ती मोजली.

भाईंदर सोडून गाडी उत्तरेकडे निघाली की वसईच्या खाडीवरचा पूल लागतो आणि पाणजू बेट दिसते. ही खाडी म्हणजे सह्याद्रीत खंडाळ्याच्या बाजूला उगम पावणाऱ्या उल्हास नदीचे मुख. साष्टी बेटाच्या या उत्तर टोकाला पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस घोडबंदरच्या अंगाचे डोंगर, आणि मध्ये भरतीच्या पाण्याने दिवसातून दोनदा भिजणारी सखल जमीन. साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे १७३७ साली आली; दोन वर्षांनी वसई पडली; १७७४ साली इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. राज्ये बदलली, पण भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोणाच्याही सनदेने बदलले नाही. जमीन पिकवायची तर त्या वेळापत्रकाशी तडजोड करणे भागच होते.

ती तडजोड म्हणजे बांध. खाजणाभोवती चिखलाचा आणि दगडाचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की उघाडीचे दार आपोआप मिटते; ओहोटी लागली की आत साचलेल्या पावसाच्या रेट्याने ते उघडते. दोनतीन पावसाळे मातीतले मीठ धुऊन जाऊ दिले म्हणजे रत्यासारखे खार सोसणारे भात तेथे उभे राहते. १८७० साली सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या कराराने दिल्या, त्यामागेही शेतात शिरणारे खारे पाणी थोपवण्याचाच हेतू होता. त्या करारातून उठलेल्या वादांची कहाणी मोठी आहे. तिच्यात आम्ही येथे शिरत नाही. आमच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की, खाऱ्या-गोड्याची सीमा राखणे हे त्या काळी करारात घालण्याजोगे काम होते. बांधाला खेकड्याने पाडलेले भोक वेळीच न बुजवले तर वर्षाचे भात जाते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

बांधापलीकडे आगर. समुद्राचे पाणी बोमेच्या मापाने सुमारे साडेतीन अंशांचे असते. ते उथळ खणांतून पुढे नेत, उन्हावर आटवीत पंचवीस अंशांच्या आसपास आणले की मीठ खाली बसू लागते. माप हाताशी नसतानाही आगरी हे अंश पाण्याच्या रंगावरून आणि बोटाच्या स्पर्शावरून ओळखत. म्हणजे एकाच गावात एक माणूस मीठ बाहेर काढण्यात आणि दुसरा ते बाहेर ठेवण्यात निष्णात होता.

या अनुभवसिद्ध ज्ञानाला शास्त्राची जोड विसाव्या शतकात मिळाली. मुंबईच्या सेंट झेविअर कॉलेजातील स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांनी १९०५ साली मुंबई इलाख्यातील खाजणवनांवर निबंध लिहिला. पण आम्हाला विशेष आठवण करावीशी वाटते ती बी. एस. नवलकर यांची. फ्रान्समध्ये माँपेलिए येथे वनस्पति-परिस्थितिविज्ञान शिकून आलेले प्राध्यापक एफ. आर. भरुचा मुंबईच्या विज्ञानसंस्थेत ते शास्त्र रुजवीत होते. नवलकरांनी १९४० पासून पुढे, काही निबंध भरुचांच्या जोडीने, मुंबई आणि साष्टी बेटांवरील तिवरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या बाह्य परिस्थितीवर ही झाडे जगतात, चिखल उंचावत गेला की एका जातीमागून दुसरी जात कशी येते, असे प्रश्न त्यांनी घेतले. १९४२ च्या निबंधात त्यांनी क्लोराइड तीन ठिकाणी मोजले: समुद्राच्या पाण्यात, चिखलातल्या पाण्यात आणि पानातल्या रसात.

या तीन मोजमापांचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या दलदलीला लोक पडीक, रोगट आणि निरुपयोगी म्हणत, तिच्याकडे हिशेबाच्या वहीसारखे पाहिले गेले. समुद्रातून किती मीठ आले, मातीत किती राहिले, झाडाने किती घेतले? मुळाबाहेरचे पाणी खारे असताना झाडाला पाणी ओढायचे तर त्याच्या रसाची तीव्रता त्याहून अधिक हवी. मग नको असलेल्या मिठाचे करायचे काय? तिवर ते पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळ मुळाशीच बरेचसे अडवतो. उघाडी बांधणारा शेतकरी आणि कांदळाचे मूळ यांचा उद्योग एकच आहे!

जमिनीच्या पोटातही अशीच एक सीमा असते. ती प्रथम युरोपात उमगली. हॉलंडमधले लष्करी अभियंते घायबेन यांनी १८८९ च्या सुमारास आणि जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखवले की किनाऱ्याखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड. त्यामुळे समुद्रसपाटीवर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. आपल्याकडच्या भेगाळ काळ्या पाषाणात हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. पण त्याची दिशा चुकत नाही. उपसा करून पातळी एक फूट उतरवली, तर खालून खारे पाणी अनेक फूट वर चढू पाहते. खोल कूपनलिका खणून अधिक गोडे पाणी मिळेल, हा समज किनाऱ्यावर फसतो तो येथेच.

तसे ते फसण्याला फार मीठही लागत नाही. समुद्राच्या एका लिटरात सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. शंभर घागरींत त्याच्या दोनच घागरी मिसळल्या, तरी लिटरमागे ३८० मिलिग्रॅमची भर पडते. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाने इष्ट ठरवलेली मर्यादा आहे २५० ची. जीभ पुरते ओळखण्याआधीच पाणी बिघडण्याच्या वाटेला लागलेले असते. म्हणून मोजले पाहिजे. आणि एकदा नव्हे, दरवर्षी, पावसाळ्याआधी व नंतर.

पुढे गावे शहरात विरली. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका; २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. एवढ्या माणसांना विहिरी पुरणार नव्हत्या, हे उघड आहे. उल्हासच्या खोऱ्यातून नळाने पाणी आले. जी नदी भाईंदरच्या दाराशी खारी होऊन येते, तीच वरच्या अंगाला अडवून गोडी असताना घरात आणावी लागली! नळ आला आणि विहीर मनातून उतरली. भातखाचरांवर भराव पडला, मिठागरे ओस पडू लागली.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. बांध घालणाऱ्या पूर्वजांनीही खाजण तोडलेच होते. आणि दलदलीच्या चिकणमातीखाली गोड्या पाण्याचा साठा असतो, असेही नाही. गोडी विहीर डोंगराच्या पायथ्याच्या मुरमात किंवा किनाऱ्याच्या रेताड उंचवट्यावर. दलदलीचे काम वेगळे: भरतीचा आणि पुराचा लोंढा पसरू देणे, गाळ धरणे, माशांच्या पिलांना आसरा देणे. पण जुन्या बांधाला उघाडी होती. भरावाला ती नाही. खाचरात पाऊस तीन महिने उभा राहत असे; फरसबंदीवरून तो तासाभरात गटारात जातो. ज्या मुरमात पाणी मुरायचे त्यावर इमारत, आणि शेजारी दलदलीवरही इमारत, असे झाले म्हणजे वरचा पूर आणि खालचा खार एकाच घरी येतात. त्यात शोषखड्ड्यांचे पाणी मिसळले की विहीर मचूळच नव्हे, दूषितही होते.

कायदा उशिरा का होईना जागा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील खाजणवने तोडण्यास व तेथे भराव घालण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. याच नदीचा दुसरा फाटा असलेल्या ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु न्यायालय तोडणाऱ्याचा हात धरू शकते. विहिरीचे क्लोराइड मोजायला ते येणार नाही.

ते काम नागरिकांचे आहे, आणि ते कठीण नाही. चांदीच्या क्षाराच्या द्रावणाने क्लोराइड मोजण्याची मोरची रीत १८५६ पासूनची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतही ती करता येते. प्रत्येक जुन्या विहिरीची पाण्याची पातळी आणि क्लोराइड वर्षातून दोनदा एका वहीत उतरवले, तर दहा वर्षांत या शहराला आपल्या पायाखालच्या सीमेचा नकाशा मिळेल. बांधाचे भोक जुना शेतकरी डोळ्याने पाहत असे. आजचे भोक जमिनीखाली आहे. ते आकड्यांनीच दिसेल.